मौनाच्या दिवसांतला लेथ

२३ ऑगस्ट, शनिवार

लेथ घरी आला.

माझा मित्र फत्तेसिंहराव जाऊन दोन पावसाळे झाले. बडोद्याजवळ छाणीला असलेलं त्याचं वर्कशॉप तेव्हापासून बंद होतं. पत्र्याला भोकं पडली आणि पाणी थेट यंत्रावर. आता त्याच्या मुलांनी सगळं भंगारात काढलं. मी पोचलो तेव्हा भंगारवाला घण घेऊन उभा होता, कारण लेथची बिडाची बैठक, म्हणजे बेड, अख्खा उचलण्यापेक्षा फोडून नेणं सोपं. मी त्याच्या आणि लेथच्या मधे उभा राहिलो आणि बोललो. ज्या यंत्राने इतकी वर्षं चूल पेटती ठेवली त्याच्यावर घण घालण्याआधी त्या चुलीला विचार, वगैरे. बोलणं जमत गेलं. शेवटच्या वाक्याला मात्र आवाज फाटला आणि पुढे नुसती हवा निघाली. भंगारवाला म्हणाला, "लई जाओ काका, पण हवे भाषण बंध करो." न्या, पण आता भाषण पुरे.

मी हा विजय मानतो. माझी बायको प्रेमला मानत नाही. मागच्या खोलीत, पुराच्या पाण्याची रेघ अजून भिंतीवर आहे तिथे, चार माणसांनी लेथ टेकवला तेव्हा ती दारात उभी होती. "बरं झालं," म्हणाली. "पुढच्या पुरात नदीतून येणाऱ्या मगरीला बसायला ओटा झाला."

फत्त्या आणि मी एकाच सकाळी टर्नर म्हणून, लेथवर लोखंड कातायला, कामाला लागलो होतो. काही वर्षांनी मी लेथ सोडून युनियनचा माईक धरला. त्याने पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मालक झालास, म्हणून मी त्याला जाहीर सभेत झोडपायचो. तो सभा संपली की चहा पाजायचा. हा लेथ मी चालू करणार आहे. का, ते प्रेमलाला सविस्तर सांगायला घेतलं होतं, पण घसा बसलाय.

३० ऑगस्ट

घसा बसलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी नाकातून कॅमेरा घातला आणि पडद्यावर मला माझा आवाज दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि त्यातल्या एकीवर गाठ. म्हणाल्या, "काढावी लागेल. मग तपासायला पाठवू."

"तपासायला" म्हणजे काय, हे विचारायची गरज नव्हती. प्रेमलाने पर्सचा पट्टा हातात गच्च धरला होता.

"काय काम करता, काका?"

मी म्हटलं, बोलतो. त्या हसल्या. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो. कारखान्यांच्या गेटवर, माईक नसताना, तिन्ही पाळ्यांना ऐकू जाईल असं मी बोललोय. टाळेबंदीत, लाठीसमोर. माझ्याजवळ दुसरं काही नाही. लोकांकडे जमीन असते, दागिने असतात.

ऑपरेशननंतर पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजण्याने पट्ट्यांवर ताण जास्त येतो म्हणे. मी विचारलं, दसऱ्याच्या मेळाव्यापर्यंत? कामगारांचा मेळावा, दरवर्षी मीच बोलतो. त्या म्हणाल्या, या वर्षी दुसऱ्याला बोलू द्या.

घरी येईपर्यंत रिक्षात मी सतत बोलत होतो. प्रेमलाने एकदाही गप्प बसा म्हटलं नाही. त्याने जास्त भीती वाटली.

७ सप्टेंबर, रविवार

नील आला. आईने कळवलं असणार. तो छाणीकडच्या फ्लॅटमध्ये बायकोबरोबर, सानवीबरोबर, राहतो आणि पादरा गावाच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात मनुष्यबळ खात्यात काम करतो. माझ्या मुलाने हे करावं. ज्यांच्याविरुद्ध मी हयातभर गेटवर उभा राहिलो त्यांच्या वातानुकूलित खोलीत तो बसतो. दोन दिवाळ्यांपूर्वी सगळ्यांसमोर मी त्याला दलाल म्हटलं. शब्द मागे घेतलेला नाही, घेणारही नाही. विचाराला नातं नसतं.

आज मात्र मी शांतपणे बोललो. ऑपरेशनआधी काही गोष्टी स्पष्ट झालेल्या बऱ्या. कंत्राटी पद्धत म्हणजे काय, ती कोणी आणली, तिच्यामुळे आठ तासांच्या दिवसाचं काय झालं, हे सगळं क्रमाने मांडलं. आवाज खरखरीत होता, पण मुद्दे पक्के. तो मधे दोनदा "बाबा, मला एक..." म्हणाला, पण मी ओघात होतो. शेवटी घड्याळ बघून म्हणाला, "येतो. सानवी वाट बघतेय." प्रेमलाने भाकऱ्या थापल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

चांगली चर्चा झाली.

१२ सप्टेंबर

काल ऑपरेशन झालं. बोलायचं नाही.

प्रेमलाने मांडवीच्या बाजारातून पाटी-पेन्सिल आणली. खरी दगडी, लाकडी चौकटीची, पहिलीच्या पोरांना देतात तशी. तिचा नियम असा: "वाक्य पाटीपेक्षा मोठं झालं तर मी वाचणार नाही."

मी लिहिलं: हा अन्याय आहे, कारण विचाराची लांबी वस्तूच्या आकारावर ठरवणं म्हणजे

जागा संपली. तिने पदराने पुसून टाकलं.

गाठ तपासायला गेली आहे. गिळताना काचेची पूड असल्यासारखं वाटतं. मागच्या खोलीत गेलो आणि लेथचा गंज डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसू लागलो. लाल पाणी निघालं. हात कामात असले की तो दुसरा विचार निदान समोर येऊन उभा राहत नाही, मागे उभा राहतो.

१४ सप्टेंबर, रविवार

नील पुन्हा आला. दोन रविवार लागोपाठ, असं त्याच्या लग्नानंतर झालेलं नाही. लेथचं आकर्षण. यंत्राची ताकदच तशी असते, माणूस कितीही खुर्चीला चिकटलेला असो, लोखंड त्याला ओढतं.

मी टेलस्टॉक, लेथच्या टोकाचा सरकता ठोकळा, उघडला होता. तो जाम होता. नीलने बाह्या सरसावल्या आणि न विचारता पॉलिश पेपर घेतला. सुरुवातीला दोघे नुसते घासत होतो. मग तो बोलू लागला. आधी पुलावरच्या ट्रॅफिकचं, मग सानवी शिकवते त्या शाळेचं. मग म्हणाला, "ऑफिसात जरा कठीण चाललंय, बाबा."

मी वर पाहिलं. पाटी खिडकीत होती, हात डिझेलने भरलेले. तो माझ्या हातांकडे बघत थांबला, बहुधा मी आता सुरू होईन म्हणून. मग लक्षात येऊन हसला आणि पुढे बोलणार, एवढ्यात शेजारच्या कोकिलाबेन खमण घेऊन आल्या.

"केम छो काका? बोलता नहीं हों." बोलू नका, असं मला बजावलं आणि मग प्रेमलाला, फार बरं झालं अशा सुरात, "आ तो बहु सारुं, घरमां शांती."

प्रेमला म्हणाली, "शांती कसली, आता रागावले की डोळे मोठे करतात. आधी निदान आवाजावरून तरी कळायचं कुठून येतायत ते."

सगळे हसले. नीलसुद्धा. हा मुलगा हसला की त्याच्या गालाला अजून तीच खळी पडते. लहानपणी खांद्यावर बसवून सभेला न्यायचो तेव्हा मी त्याला नीलू म्हणायचो. प्रेमलाला ते कधीच आवडलं नाही, एवढं छोटं नाव, तेही धड घेत नाहीत म्हणायची.

ऑफिसचं राहून गेलं. जेवायला थांबला नाही.

१८ सप्टेंबर

अहवाल आला. ती गोष्ट नाही. साधी गाठ.

प्रेमला दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली. मी पाटीवर लिहिलं, उठ. ती म्हणाली, "थांबा हो. बसू द्या जरा."

आनंद व्हायला हवा. झालाही, रिक्षा अकोट्याच्या पुलावर येईपर्यंत. मग आठवलं, डॉक्टरीणबाईंनी आणखी काय सांगितलं ते. पट्टीवरची जागा अजून कच्ची आहे. आवाज येईल, पण कसा ते आत्ता सांगता येत नाही. या दिवसांत एकदा जरी जोरात ओरडलात तर जखम उघडेल आणि मग तो कायमचा गेला असं समजा.

संध्याकाळी दिनकरराव आला. युनियनच्या पहिल्या संपापासूनचा सोबती. मेळाव्यात माझ्याऐवजी तो बोलणार आहे. त्याचा आवाज म्हणजे भांड्यात पडलेला चमचा. "दत्ताभाऊ," म्हणाला, "मुद्दे लिहून द्या, मी वाचीन." मी वीस पानं लिहून ठेवली होती. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मेळावा एकाच दिवसाचा आहे ना?"

मला हसू आलं नाही. माणसं माझ्या गप्प बसण्याची मजा घेत आहेत. घेऊ देत.

२१ सप्टेंबर, रविवार

आज बरंच काम झालं. बेडवर निळा रंग अगदी पातळ पसरायचा, वरून सपाट पट्टी फिरवायची. जिथे उंचवटा तिथला निळा निघून जातो. तेवढाच भाग रापीने खरवडायचा. घाई केली तर खड्डा होतो आणि मग सगळा बेड त्या खड्ड्यापर्यंत खाली आणावा लागतो. हात रापी विसरलेले नाहीत.

नील पट्टी धरत होता. चकमध्ये, काम धरून फिरणाऱ्या जबड्यात, तो आवळायची किल्ली तशीच ठेवून नील वळला तेव्हा मी पाटी घेऊन मोठ्या अक्षरात लिहिलं: किल्ली चकमध्ये कधीही सोडायची नाही. ही लेथवरची पहिली शिकवण. चक फिरला की ती किल्ली गोळीसारखी सुटते. माझ्या पहिल्या फोरमनने याच कारणासाठी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती. नीलने मान डोलावली आणि किल्ली काढून खिळ्याला लावली.

मग त्याने सांगितलं. कंत्राटी माणसं कमी करायची आहेत. कोण जाणार ते त्याने कळवायचं. दिवाळीनंतर. वरून हुकूम आहे, सही मात्र त्याची. "त्यातल्या निम्म्यांना मी नावाने ओळखतो, बाबा. एक जण रोज गेटवर मला आधी हात करतो."

मी पाटी घेतली. सही करू नकोस, हे पहिलं वाक्य. दुसरं, हा प्रश्न तुझ्या एकट्याच्या सदसद्विवेकाचा नसून. तिसऱ्याला जागा नव्हती. पुसून पुन्हा लिहू लागलो तोवर तो बोलत होता, आणि तो बोलत असताना लिहिलेलं दाखवता येत नाही. पाटी उलटी करून मांडीवर ठेवावी लागली. त्याचं बोलणं लांबत गेलं. झोप लागत नाही म्हणाला. सानवीला अजून सांगितलेलं नाही म्हणाला.

मला या पोराशी बोलायला आवाज हवा आहे. नेमक्या याच वेळी तो काढून घेतला गेला. चार वाक्यांत मी त्याला उभं केलं असतं.

जाताना म्हणाला, "पुढचं नंतर सांगतो." उशीर झाला होता तरी जेवला नाही. प्रेमलाने दोनच पानं घेतली.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. गल्लीच्या तोंडाशी गरब्याचा मांडव पडला. आजपासून रोज संध्याकाळी भोंगे. सगळं बडोदं गातंय आणि मी पाटीवर लिहितोय: मीठ कमी.

२६ सप्टेंबर

मोटर बसवली. पादऱ्याहून जुनी सिंगल फेजची मिळाली. पट्टा मुद्दाम ढिला ठेवला, आस ज्यात फिरतो त्या बुशला एकदम ताण नको. बटण दाबलं. चक दोनदा अडखळला आणि फिरू लागला. आवाज नीट नाही. प्रत्येक फेऱ्याला आत कुठेतरी टक् होतं.

फत्त्या कान लावून सांगायचा कुठलं बुश गेलंय ते. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकला, म्हणजे चकमागच्या पेटीला, आणि मूठ कानाला लावून ऐकलं. कळलं नाही. माझा कान इतकी वर्षं फक्त टाळ्या ऐकायला वापरला गेलाय.

भाषणात हे वाक्य खपलं असतं. खरं आहे की नाही, माहीत नाही.

मोटर चालू असताना एक विचार आला. या गोंगाटात एक शब्द काढून पाहिला तर कोणाला कळेल? फक्त आहे का नाही एवढं बघायला. तोंड उघडलं होतं. गळ्यात काहीतरी थंड सरकल्यासारखं झालं आणि मिटलं. मी पोलिसांच्या घोड्यांसमोर उभा राहिलोय, पण आज स्वतःचं तोंड उघडायला घाबरलो.

३० सप्टेंबर

पाठचं बुश होतं. नवं पितळी बसवलं. टक् थांबलं.

प्रेमला दारात येऊन म्हणाली, "उद्या खंडेनवमी. मी याची पूजा करणार."

या घरात हत्यारांची पूजा झालेली नाही. जो वर्षभर यंत्राला तेल घालत नाही तो एक दिवस कुंकू लावतो, आणि त्या कुंकवाच्या आड वर्षभराचा हलगर्जीपणा लपवतो. यावर मी अनेकदा बोललोय, एकदा तर खंडेनवमीच्याच दिवशी, कारखान्यात, पूजेच्या ताटासमोर. मी पाटीकडे हात नेला. तिने पाटी उचलून मागे धरली.

"माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. दर खंडेनवमीला घरचा पाना, हातोडी, कानस, सगळं पाटावर मांडायचे. तुमच्याशी लग्न झाल्यापासून मी बंद केलं. या वर्षी तुम्हाला नाही म्हणता येत नाही. म्हणजे झालं."

तर्कदृष्ट्या हे चूक आहे. पण उत्तर द्यायला पाटी तिच्याकडे होती.

१ ऑक्टोबर, बुधवार

लिहून टाकतो.

नील अर्धी रजा घेऊन आला होता. कोकिलाबेनही आल्या. मी आंघोळ करून जरा उशिरा मागच्या खोलीकडे गेलो. पूजा झाली होती. बेडवर हळदी-कुंकवाची बोटं, ओली. नुकत्याच खरवडलेल्या लोखंडावर पाणी. चकभोवती झेंडूचा हार, जाड, दुपदरी. प्रेमला खाली वाकून बेडच्या टोकाशी समई सारखी करत होती. कोकिलाबेन म्हणत होत्या, "चालु तो करो नील, मुहूर्त सारुं छे." प्रेमला म्हणाली, "आज चालवायचा नसतो ग, उद्या." नील हसत म्हणाला, "एक फेरा, आई. नुसता." आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

खिळ्यावर किल्ली नव्हती.

ते मला आधी दिसलं. मग हारातून किल्लीची दांडी दिसली. प्रेमलाच्या वडिलांची रीत: खंडेनवमीला प्रत्येक हत्यार आपल्या जागी असायला हवं, कुठे टांगलेलं, पडलेलं नको. तिने रोज मला चकला किल्ली लावताना बघितलं होतं. म्हणून किल्लीची जागा चक. तिने ती तिथे लावली, कुंकू लावलं, वरून हार घातला. किल्लीचं तोंड तिच्या डोक्याच्या रेषेत होतं.

गल्लीत आज दिवसाही भोंग्यावर गरबा सुरू होता. मी दारात होतो. माझ्या हाताशी मेन स्विच होता. तो मी पाडला. त्याआधी किंवा त्याचवेळी गळ्यातून काहीतरी निघालं. काय, ते सांगता येत नाही. "थांब" असणार. निघालं एवढं नक्की, कारण गळ्यात पेटल्यासारखं झालं.

पट्टा ढिला होता म्हणून वाचलो. चक अर्धाच वळला. किल्ली निसटून बेडवर आदळली आणि प्रेमलाच्या पायाजवळ पडली. हार तुटला. फुलं सगळीकडे.

प्रेमलाने किल्ली उचलली, बघितली, आणि तिच्या लक्षात आलं. तिचं तोंड पांढरं पडलं. नील भिंतीला टेकून माझ्याकडे बघत राहिला.

मी ओरडलो हे कोणाला ऐकू गेलं नाही. भोंगा होता. कोणी विचारलंही नाही. मी सांगणार नाही. सांगून काय होणार, जखम उघडली असेल तर उघडली.

बेडवर तांदळाच्या दाण्याएवढी खोक पडली आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

गळा दुखतो. गिळवत नाही. आरशासमोर तोंड उघडून बघितलं. काही दिसत नाही, आत खोल असतं ते.

नील सकाळी सोनं द्यायला आला, सानवीला घेऊन. मला आपट्याचं पान देऊन पाया पडला आणि उठायला जरा वेळ लावला. नंतर ओसरीवर आईशी बोलत होता. मी आत पडलो होतो, खिडकीतून अर्धंमुर्धं आलं. तो म्हणाला, "किती वर्षांनी नीलू म्हटलं कुणी मला." प्रेमला नुसतं "हं" म्हणाली.

काल घाबरून तिने हाक मारली असणार. भीतीत माणूस कुठलंही नाव घेतो. मला तिची हाक ऐकू आली नाही, भोंगाच तेवढा होता.

संध्याकाळी दिनकररावचा फोन. प्रेमलाने माझ्या कानाला लावला. मेळावा चांगला झाला म्हणाला. पहिलं पान वाचलं, मग लोकांनाच बोलायला सांगितलं. "बायकासुद्धा बोलल्या, दत्ताभाऊ." मेळाव्याची ही काय पद्धत?

४ ऑक्टोबर

प्रेमला गच्चीवर जाऊन फोनवर बोलते. काल दोनदा, आज एकदा. खाली आली की विषय नाही. बहिणीशी असेल. मला हळद घातलेलं कोमट पाणी देते आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहते.

खोकेच्या कडा कानशीने हलक्या मारल्या. हळदीचा एक डाग राहिलाय, घासला तर जाईल. आज राहू दिला.

परवा डॉक्टर. मी मनात वाक्य जुळवून ठेवलंय, परवानगी मिळाल्यावरचं पहिलं. नीलसाठी. सहीबद्दल. लहान आहे पण त्यात सगळं येतं. दिवसभर घोकतो. मधेच वाटतं, वाक्य तयार आहे आणि ते ज्यातून जायचं तेच मी फोडून ठेवलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

कॅमेरा नाकातून गेला तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, मधल्या काळात बोललात का? ओरडलात वगैरे?"

मी मान हलवली. नाही. प्रेमला फरशीकडे बघत होती. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाल्या, "बरं. नसालच."

मग सांगितलं. जागा भरून आली आहे. कडेला थोडं सुजलंय, पण उतरेल. आजपासून थोडं थोडं बोलायचं, हळू. पण गेटसभा संपल्या. माईक असला तरी लांब भाषण नाही. आवाज खालच्या पट्टीत राहील, खरखरीत. "घरात बोलण्याइतका आहे," म्हणाल्या. "समोर बसलेल्या माणसाशी."

त्यांच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. मी वाक्य बोलून बघायला सुरुवात करणार होतो, तिथेच, त्यांच्यासमोर. केली नाही. रिक्षात प्रेमलाने माझा हात धरला. मी पुलावरून नदीकडे बघत होतो. ज्या आवाजाने मी ओळखला गेलो तो त्या दवाखान्यात ठेवून आलो आणि उरलेला पिशवीत घालून घरी नेतोय, असं वाटलं.

संध्याकाळी नील ऑफिसातून थेट आला. प्रेमलाने फोनवर सांगितलं असणार, कारण तो दारातच जरा अवघडला. बूट काढताना लेस सुटेना. जुना नील, घड्याळ बघणारा. मी मागच्या खोलीत होतो. पट्टा ताणून घेतला होता आणि सळईचा एक तुकडा चकमध्ये धरला होता. किल्ली खिळ्यावर, दोघांनीही बघितली. त्याला म्हटलं, म्हणजे खुणेने म्हटलं, चालव.

त्याने बटण दाबलं. चक फिरला. टूल हळूहळू पुढे नेलं. पहिला काप जरा थरथरला, मग बसला. गंजाखालून पांढरं लोखंड निघत गेलं, आणि लांब निळसर कीस गुंडाळत खाली पडला. खोक पडली त्या जागेवर सॅडल, म्हणजे टूलचा सरकता गाडा, येत नाही, ती पलीकडेच राहिली. त्याने यंत्र बंद केलं. खोलीत एकदम सगळं ऐकू येऊ लागलं, कोकिलाबेनच्या घरातलं दूध-पोह्यांचं भांडंसुद्धा.

तो हात पुसत माझ्याकडे वळला. पाटी खिडकीत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो वाट बघत राहिला. खांदे जरा वर, कान मागे घेतल्यासारखे. सभेत पोलीस दिसले की लोक असे उभे राहतात.

वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. पण इतक्या दिवसांनी कुठला स्वर कुठून काढायचा ते सापडेना. आणि त्याचं त्या रविवारचं सांगणं अर्धंच राहिलं होतं, ते पुरं ऐकल्याशिवाय माझा मुद्दा नेमका बसला नसता.

मी म्हटलं, "सांग."

एवढंच निघालं. भांड्यावर वाळू घासावी तसा आवाज. माझा नव्हताच.

नीलने खाली बघितलं. मग उलटी बादली ओढून तिच्यावर बसला आणि सांगू लागला. सानवीला सांगितलं म्हणाला. ती काय म्हणाली ते सांगितलं. त्या गेटवर हात करणाऱ्या माणसाचं नाव सांगितलं. सही करणार नाही, पण न केल्यावर काय, ते माहीत नाही म्हणाला. भीती वाटते म्हणाला. इतकी वर्षं तुम्हाला नव्हती का वाटत, असं विचारलं. मी मान हलवली, हो. त्यावर तो आणखी बोलला. अंधार पडला तरी कोणी दिवा लावला नाही.

मला एकही मुद्दा मांडता आला नाही. आजवरच्या आयुष्यातलं माझं सगळ्यात लहान भाषण, तेही पडलं. उद्या नीट जुळवून त्याला पत्र लिहावं म्हणतो.

प्रेमला मधे दारात आली होती. आम्हाला बघितलं, पदर तोंडाला लावला आणि काही न बोलता परत गेली. रागावली असेल, लेथपाशी बसल्या बसल्या कोजागिरी चालली म्हणून. पाणी प्यायला उठलो तेव्हा ती ओट्याशी उभी होती. दूध आमच्या दोघांपुरतं आटवायला ठेवलं होतं. तिने फ्रीजमधून दुसरी पिशवी काढली, कापली आणि त्यातच ओतली.

नील थांबतोय असं कोणी तिला सांगितलं, ते कळलं नाही.